एडी आली होती, ईडी नाही

2024 चा मार्च. लोकसभेची आचारसंहिता लागून चार-पाच दिवस झाले होते. मी आमच्या कंपनीच्या अकाउंटंटना फोन करून म्हणालो, "भाऊ, एडी आली आहे. पैशाची सोय करून ठेवा."

पलीकडे एकदम सामसूम. मग अगदी खालच्या आवाजात प्रश्न आला, "ऑफिसात आली का साहेबांच्या घरी?"

त्या दिवसांत महाराष्ट्रात हा घोळ कोणाचाही झाला असता. मला म्हणायचं होतं एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह. आम्ही धंद्यातले लोक तिला नुसतं 'एडी' म्हणतो. इंजिनाच्या किंवा हेलिकॉप्टरच्या एखाद्या भागात धोका दिसला, की ज्या देशाने त्या मशीनला मान्यता दिली त्या देशाची विमान वाहतूक यंत्रणा असा आदेश काढते आणि आपलं डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, तो आपल्याकडे बंधनकारक करतं. सांगितलेल्या तासांच्या आत तपासणी, दुरुस्ती किंवा भाग बदलणं झालं नाही, तर मशीन जमिनीवर. अकाउंटंटना हे सगळं सांगितल्यावर ते एवढं सुटकेचं हसले, की पैशाची गोष्ट त्यांना तेव्हा अगदीच किरकोळ वाटली असावी. पुढे तसं राहिलं नाही.

मी एएमई, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर. लायसन बी1.3, टर्बाइन इंजिनाच्या हेलिकॉप्टरांचं. नातेवाइकांत माझी ओळख 'विमानतळावर नोकरीला' अशी आहे आणि ती दुरुस्त करायचं मी सोडून दिलंय. आमची कंपनी छोटी, एका हेलिकॉप्टरची. नागपुरात सोनेगावच्या विमानतळावर भाड्याच्या हँगरात एक बेल 206 उभं असायचं. या मशीनची गंमत अशी, की सांगाड्याची मान्यता कॅनडाची आणि इंजिनाची अमेरिकेची. म्हणजे दोन देशांच्या आदेशांवर लक्ष ठेवायचं. ते काम मुंबईत बसलेल्या एक मॅडम आणि त्यांची एक्सेल शीट करायची. मार्चमध्ये त्यांचा मेल आला: टर्बाइनच्या तिसऱ्या आणि चौथ्या चाकांची तपासणी, 61 तास शिल्लक.

हे इंजिन म्हणजे 250-सी20बी. जुने लोक अजून त्याला अ‍ॅलिसनच म्हणतात, जरी रोल्स-रॉइसने अ‍ॅलिसन घेतली त्याला 1995 पासून एवढी वर्षं झाली. वजन 72 किलोच्या आसपास, म्हणजे सिमेंटच्या दीड पोत्याएवढं, आणि ताकद 420 अश्वशक्ती. रचना मात्र उलटी आहे. हवा पुढून आत शिरते, दोन जाड नळ्यांतून थेट मागच्या टोकाला जाते, तिथे एकाच डब्यात पेट घेते आणि परत पुढे यायला लागते. या परतीच्या वाटेवर चार चाकं आहेत. पहिली दोन कॉम्प्रेसर फिरवतात, पुढची दोन रोटरला ताकद देतात. शंभर टक्क्यांवर पहिली जोडी मिनिटाला 50,970 फेरे घेते, दुसरी 33,290. अमेरिकेच्या विमान वाहतूक यंत्रणेने, एफएएने, आदेश काढला तो या दुसऱ्या जोडीसाठी. पात्यांच्या मागच्या कडेला, चाकाच्या घेराजवळ भेगा सापडल्या होत्या आणि त्यातून उडतानाच ताकद गेल्याच्या घटना घडल्या होत्या. एकच इंजिन असलेल्या हेलिकॉप्टरात ताकद जाणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

भेग बाहेरून दिसत नाही. टर्बाइन उतरवायची, उघडायची, चाकं स्वच्छ करून त्यांना चमकणारा पेनिट्रंट लावायचा. हा द्रव बारीकात बारीक चिरेत शिरतो. वरचा धुऊन टाकायचा, डेव्हलपरची पूड मारायची आणि अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघायचं. शिकाऊ असताना मी हे पहिल्यांदा पाहिलं ते एका बाद झालेल्या भागावर. भर दुपारी हातात घेऊन त्यावरून नख फिरवलं होतं, काही लागलं नव्हतं. दिव्याखाली मात्र केसाएवढी पोपटी रेघ अशी पेटून उठली, की अंगावर काटा आला.

चार्टरचा धंदा असता तर 61 तास दोन महिने सहज पुरले असते. निवडणुकीत ते बर्फासारखे वितळतात. विदर्भात पहिल्या टप्प्याचं मतदान 19 एप्रिलला आणि दुसऱ्याचं 26 ला. मोठे नेते दोन इंजिनांच्या मशीनने फिरतात, आमच्याकडे यायचे दुसऱ्या फळीतले. सकाळी चिमूर, मग ब्रह्मपुरी, मग आरमोरी, संध्याकाळी उजेड असेतो परत सोनेगाव. प्रत्येक सभेला इंजिन बंद, तासाभराने परत चालू.

तासांपेक्षा मला भीती याचीच असते. टर्बाइनला उडण्याचा त्रास कमी आणि सुरू होण्याचा जास्त. थंड धातूवर अचानक आग येते. सुरू करताना टर्बाइनचं तापमान 810 ते 927 अंशांच्या पट्ट्यात गेलं, तर जास्तीत जास्त दहा सेकंद, त्याच्या पलीकडे गेलं की हॉट स्टार्ट आणि मग वेगळीच तपासणी. एप्रिलच्या उन्हात दिवसभर तापलेली बॅटरी चौथ्या-पाचव्या सभेला मलूल होते, कॉम्प्रेसर हवा तेवढा फिरत नाही आणि वैमानिकाने घाई करून थ्रॉटल उघडला की काटा वर पळतो. आमचे कॅप्टनसाहेब हवाई दलातून निवृत्त झालेले. त्यांचा हात थंड होता, म्हणून निभावलं. म्हणूनच प्रत्येक स्टार्टची नोंद लागते, चाकांचं आयुष्य तासांत जसं मोजतात तसं सायकलमध्येही, म्हणजे सुरू-बंदच्या फेऱ्यांतही, मोजतात.

आणि नेमक्या त्याच नोंदी जुळेनात. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी बसून हिशोब केला, तर तीन दिवसांच्या जर्नी लॉगमध्ये लँडिंग सतरा आणि स्टार्ट अकरा. काही ठिकाणी नेता पाच मिनिटांत आला म्हणून इंजिन बंदच केलं नसेल, हे शक्य होतं. पण सगळ्या सहा ठिकाणी? कॅप्टनसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "अरे, मला कालचा हेलिपॅड आठवत नाही." शेवटी सोडवलं ते इंधनाचे बॅरल घेऊन आमच्या मागे-पुढे धावणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने. त्याच्याकडे शाळकरी वही होती. कुठल्या गावात किती लिटर टाकलं आणि "मशीन बंद" का "मशीन चालू", एवढं तो इमानदारीने लिहायचा, कारण चालू मशीनमध्ये त्याला तेल टाकू देत नसत. त्या वहीवरून चार स्टार्ट जास्तीचे निघाले. मी लॉगमध्ये रीतसर दुरुस्ती केली आणि त्याला सीताबर्डीवर तर्री पोहे खाऊ घातले.

संध्याकाळी मशीन परत आलं की माझं काम सुरू. हेलिपॅड म्हणजे कुठे शाळेचं मैदान, कुठे कापसाचं रिकामं वावर. मधोमध चुन्याने काढलेला 'एच', टँकरने पाणी शिंपडलेलं असलं तर नशीब. काळ्या मातीची ती बारीक धूळ कॉम्प्रेसरच्या पात्यांना पॉलिश पेपरसारखी घासते. रोज रात्री इंजिन न पेटवता नुसतं स्टार्टरवर फिरवायचं आणि आत पाणी मारायचं. खालून जे पाणी गळायचं ते बघून आमचा टेक्निशियन म्हणायचा, "दादा, अख्खं गडचिरोली धुऊन काढून राहिलो आपण."

24 एप्रिलच्या संध्याकाळी दुसऱ्या टप्प्याचा प्रचार थंडावला तेव्हा शिल्लक होते 2.7 तास.

रात्री साडेनऊला मालकांचा फोन. मराठवाड्यातून मागणी होती, 7 मे आणि 13 मेच्या टप्प्यांसाठी. दर चांगला होता. मी म्हणालो, "साहेब, नुसतं लातूरला पोचण्यातच दोन तास संपतील. तिथून परत आणायला तास उरणार नाहीत."

"अरे, दहा-बारा तासांनी काय होते? इंजिन तं मस्त चालून राहिलं ना?"

हेच खरं अवघड असतं. इंजिन खरोखरच मस्त चाललं होतं. आदल्याच दिवशी पॉवर चेक घेतला होता, बाहेर 41 अंश असताना टॉर्क आणि तापमान तक्त्यावर मांडलं तर रेषेच्या बरंच वर. तेलातल्या चुंबकी प्लगवर कणसुद्धा नाही. पण पॉवर चेक म्हणजे धाप लागते का ते बघणं, त्यात हाड चिरलंय का ते कळत नाही. चिरलेलं पातं शेवटच्या क्षणापर्यंत आपलं काम चोख करतं.

"मग मुदतवाढ घे ना लिहून."

कंपनीच्या नेहमीच्या देखभालीत ठरावीक टक्के मागे-पुढे करायची सोय असते, ती मंजूर पुस्तकात लिहिलेली असते. एडीला ती सोय नाही. ती वाढ कंपनी स्वतःची स्वतःला देऊ शकत नाही. मी हे सांगितलं. मालक वाईट माणूस नाहीत, पण त्या रात्री वैतागले होते. म्हणाले, "तू माझा माणूस आहे का सरकारचा?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीट सुचत नाही. पगार त्यांचा आणि लायसन सरकारचं. रिलीज टू सर्व्हिसच्या, म्हणजे मशीन उडायला योग्य आहे असं सांगणाऱ्या कागदावर सही माझी. मी एवढंच म्हणालो, "साहेब, सही नाही होणार." त्यांनी फोन ठेवला. रात्री झोप लागली नाही, आणि त्याला कारण फक्त उकाडा नव्हता.

27 तारखेला इंजिन उतरवायला घेतलं. पहाटे पाचला सुरुवात, कारण दहानंतर पाना हातात धरवत नाही. पत्र्याच्या हँगरात दुपारी भट्टी होते. एग्झॉस्टच्या नळ्या काढल्या, इंधनाची आणि तेलाची जोडणी सोडवून प्रत्येक तोंडावर टोपण, प्रत्येक वायरला चिठ्ठी. साखळीच्या पुलीने इंजिन उचलून स्टँडवर घेतलं आणि टर्बाइन वेगळी केली. लिहायला चार ओळी, करायला दोन दिवस.

हँगरातल्या कामाचं मला कधी ओझं वाटलं नाही. खरी कसोटी लागली ती पेटीची. टर्बाइन तपासणारं शॉप परदेशात होतं, त्यांच्या लोखंडी कंटेनरची वाट बघायची तर पंधरा दिवस जाणार. म्हणून मी लकडगंजला जाऊन मापाप्रमाणे लाकडी पेटी करून घेतली. सुतार हुशार, आत टर्बाइन बसेल असे खाचे काढले, वर कडी-कोयंडा. लग्नातल्या रुखवतात ठेवावी अशी देखणी पेटी. कार्गो एजंटने ती बघितली, चारी बाजूंनी फिरला आणि म्हणाला, "शिक्का कुठाय?"

परदेशी जाणाऱ्या लाकडी पेटीवर गव्हाच्या लोंबीच्या चित्राचा शिक्का लागतो. लाकूड आतपर्यंत 56 अंशांना अर्धा तास तापवलं आहे आणि त्यातून कीड जाणार नाही, याची ती खूण. मी म्हणालो, "मालक, मे महिना आहे, नागपूर आहे, ही पेटी दोन दिवस माझ्या गाडीच्या टपावर होती. 56 कधीच होऊन गेले असतील." तो हसला नाही. मान्यता असलेल्या ठिकाणी दुसरी पेटी करावी लागली. पहिली पेटी आता आमच्या घरी आहे. आईने तीत गव्हाचं कोठार केलंय.

मग दुरुस्तीसाठी तात्पुरती निर्यात, परत आल्यावर ड्यूटी लागू नये म्हणून नंबरांसकट वर्णन, आत तेल-इंधन शिल्लक नाही याचा दाखला. या भागाचा मला कंटाळा आहे, पुढे जातो.

सात आठवडे हेलिकॉप्टर इंजिनाविना उभं. मागे एवढी मोठी पोकळी, आत कबुतरं शिरू नयेत म्हणून आम्ही ताडपत्री बांधली होती. मिहानला मोठमोठ्या विमानांची दुरुस्ती चालते, तिथे असलेला माझा एक बॅचमेट येऊन बघून गेला. म्हणाला, "आमच्याकडे एका इंजिनाला वीस माणसं." आम्ही दोघं होतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शॉपचा अहवाल आला. ज्वलनाच्या डब्याच्या लायनरला दोन ठिकाणी वेल्डिंग. पहिल्या नोझलला बारीक चिरा, मर्यादेच्या आत. तिसरं चाक: भेगेची खूण नाही. चौथं चाक: भेगेची खूण नाही.

मालकांना कळवलं. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे काहीच निघालं नाही?" आवाजात राग नव्हता, नुसता हिशोब होता. बुडालेला मराठवाडा, शॉपचं बिल, जाण्या-येण्याचं भाडं. त्या बिलात चिंचभवनला फ्लॅटची घसघशीत बयाणा रक्कम भरता आली असती.

आणि आता खरं सांगतो. मलाही वाईट वाटलं. एखादी तरी भेग निघायला हवी होती. फोटो पाठवला असता, म्हणालो असतो, बघा साहेब. आपण नाही म्हणालो ते बरोबर ठरावं म्हणून ज्या चाकाच्या भरवशावर चार माणसं उडत होती, ते चिरलेलं असावं असं मला दोन मिनिटं वाटलं. हे मी घरी बोललो नाही.

टर्बाइन परत आली तोवर पाऊस सुरू झाला होता. 16 जूनला जोडणीला बसलो. सगळं शांतपणे चाललं होतं. दुपारी तीनच्या सुमारास वादळी सर आली, पाणी आडवं आत यायला लागलं म्हणून दोघंही हँगरचं दार ओढायला पळालो. परत येऊन पुढचं काम हातात घेतलं. संध्याकाळी टेक्निशियन टॉर्च घेऊन शेवटची नजर टाकत होता.

"दादा, इथं लाल पट्टी नाही मारली का?"

नट ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळला की त्याच्यावरून आणि शेजारच्या भागावरून लाल लाखेची एक रेघ ओढतो आम्ही. नट जरा जरी सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते. त्या नटावर रेघ नव्हती. तो होता पीसी नळीचा. कॉम्प्रेसरचा दाब ही पेन्सिलएवढी नळी इंधन यंत्रणेपर्यंत पोचवते. इंजिनाला किती इंधन द्यायचं ते या दाबावरून ठरतं. ती सैल झाली, दाब गळला, की यंत्रणेला वाटतं इंजिन हळू चाललंय आणि ती इंधन कापते. हवेत असताना इंजिन आयडलच्या, म्हणजे अगदी मंद चालीच्या, आसपास येऊन बसतं. चाकं अगदी नवीकोरी असली तरी.

मी टॉर्क रेंच लावला, ठरलेला जोर आला की टक् वाजणारा पाना. मनातून मला खात्री होती की आवळलाय, फक्त रेघ राहिली. रेंच टक् म्हणायच्या आधी नट फिरला. थोडासाच, घड्याळात पाच मिनिटांत काटा सरकतो तेवढा. पण फिरला.

बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. ग्राउंड रनच्या, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून बघायच्या, आधी त्या नळ्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतोच, तिथे सापडलं असतं. कदाचित. मी त्या दिवशी जोडलेला प्रत्येक नट परत तपासला, जुन्या रेघा पुसून नव्या ओढल्या, रात्रीचे अकरा वाजले. मग कंपनीच्या अंतर्गत रिपोर्टात माझ्याच नावाने तो प्रकार लिहिला: काम अर्धवट सोडून उठलो, परत आल्यावर एक पायरी मागून सुरुवात केली नाही. मुंबईच्या मॅडमचा उलट मेल आला, "नोंद घेतली. टेक्निशियनला शाबासकी सांगा." मी सांगितली. तो म्हणाला, "शाबासकी नको, दादा. सावजी चालेल."

दुसऱ्या दिवशी ग्राउंड रन. स्टार्टला तापमान 760 वर जाऊन खाली आलं, गळती नाही, पॉवर चेक रेषेच्या वर. चाचणी उड्डाणाला मी कॅप्टनसाहेबांच्या डावीकडे बसलो. खाली सोनेगावचा तलाव पावसाने मातकट झालेला, वर्धा रोडवर गाड्यांची रांग. मी हे सगळं उतरल्यावर आठवून लिहितोय. वर असताना माझी नजर त्या एका काट्यावरून हलली नव्हती.

सही केली, लॉगमध्ये पुढच्या तपासणीचे तास लिहिले. जुलैत अकाउंटंटचा फोन आला. समोर शॉपचं बिल होतं आणि ऑडिट तोंडावर.

"यात लिहिलंय, तपासणी केली, काही आढळलं नाही. ऑडिटर विचारेल, एवढे पैसे मग कशाचे दिले? काय लिहू खर्चापुढे?"

"तेच लिहा," मी म्हणालो.

"काही आढळलं नाही, असं?"

"हो. तसंच."